पाठराख्याचा घास

ताईनं जेवण सोडलं तेव्हा मी आधी तिच्यावर चिडले, मग नर्सबाईंवर आणि शेवटी चमच्यावर. चमचा मोठा आहे म्हणून लहान आणला. त्याच्यासमोरही तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. चार महिन्यांपूर्वी तिला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. हट्ट तेवढा जसाच्या तसा राहिला, त्याला साधा ओरखडासुद्धा आला नाही.

आम्ही दोघी बहिणी केंद्राच्या चार नंबरच्या क्वार्टरमध्ये राहतो. केंद्र म्हणजे जंगलाच्या अभ्यासाचं केंद्र: एक ऑफिस, एक दवाखाना, सहा क्वार्टर, एक जीप आणि बाकी सगळी झाडं. ताई जंगलात फिरून पक्ष्यांच्या नोंदी करायची आणि मी ऑफिसात बसून त्या टाइप करायची. आमच्यातली निम्मीअधिक बोलणी अशी कागदावरच झाली. घरी आल्यावर ती हातपाय धुवायची, जेवायची आणि मागच्या खिडकीशी बसून शीळ घालायची. झाडीतून उत्तर आलं की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते माझ्यासाठी कधी आलं नाही. मला ती 'बारके' म्हणायची, तेही बहुतेक रागावताना. बारके, पाणी दे, बारके, जरा हात दे, असं गरजेपोटी तिनं मला जन्मात हाक मारली नाही.

झटक्यानंतर तोंड वाकडं झालं, पण शीळ राहिली. नर्सबाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी, शब्द जातात आणि गाणं राहतं. मी म्हटलं, अहो, पण जेवण का गेलं?

दर शनिवारी वजन व्हायचं. ताईला काट्यावर उभं करता येत नव्हतं, म्हणून जीपचा ड्रायव्हर तिला उचलून काट्यावर चढायचा, मग तिला खुर्चीत ठेवून एकटा चढायचा आणि नर्सबाई वजाबाकी करायच्या. ड्रायव्हर भला माणूस, पण जिभेला हाड नाही. "ताई, तुम्ही जेवत नाही आणि मी मात्र वाढत चाललोय," असं दर वेळी म्हणायचा. ताई छताकडे बघत राहायची.

त्या शनिवारी काटा अडतीस किलो चारशे ग्रॅमवर आला. नर्सबाईंनी मला दाराबाहेर नेलं.

"हे बघा, मी पुष्कळ समजून घेतलं. अडतीसच्या खाली गेल्या की मी थांबणार नाही. जीपमध्ये घालायचं आणि शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. तिथे नाकातून नळी घालतात."

"आणि परत कधी आणायचं?"

त्या आतल्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या, "आधी नेऊ तर."

मला कळलं. ताई शहरात आठ दिवस टिकली नसती. उघड्या रस्त्यावरसुद्धा ती अंग चोरून चालायची, तिला सावली लागायची. आणि ती गेली की मी चार नंबरमध्ये एकटी. कुणावर चिडायचं, हासुद्धा प्रश्नच पडला असता. चारशे ग्रॅम राहिले होते. तेवढ्यावर माझा जीव टांगलेला होता.

ताईचा पक्षी आमच्याकडे 'पाठराखा' म्हणून ओळखला जातो. त्याचं शास्त्रातलं नाव मी हजार वेळा टाइप केलं असेल, पण ते बोटांना येतं, तोंडाला येत नाही. मुठीएवढा, काजळीच्या रंगाचा पक्षी. मी त्याला प्रत्यक्ष कधीच पाहिलं नव्हतं, वीस वर्षं नुसताच टाइप करत आले. दाट झाडीच्या तळाशी, जिथे दुपारीसुद्धा अंधारून असतं, तिथे तो राहतो. जमिनीपासून हातभर उंचीवर सरळ उभ्या बारीक काठीला आडवा चिकटून बसतो. उन्हाचा पट्टा हातभर रुंद असला तरी ओलांडत नाही. आणि लष्करी मुंग्यांच्या मागे मागे हिंडतो. मुंग्या खात नाही हं, त्यांना तो शिवतसुद्धा नाही. मुंग्यांची रांग पुढे सरकली की पानांखालचे किडे, नाकतोडे, झुरळं जीव मुठीत धरून पळतात. त्या पळणाऱ्यांना हा टिपतो. दुसऱ्याच्या भीतीवर पोट भरतो, असं मी एकदा ताईला म्हटलं होतं. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

या मुंग्यांना क्वार्टरमध्ये सगळे 'फौज' म्हणतात. वर्षातून दोन-तीनदा फौज घरांवर येते. झाडीतून पाठराख्याची शीळ अगदी जवळ ऐकू आली की कुणीतरी ओरडतं, "फौज!" मग खायचं सगळं बाहेर काढायचं, कपाटांची दारं सताड उघडायची, लहान पोरं काखोटीला मारायची आणि जीपच्या शेडमध्ये जाऊन बसायचं. दोन तासांनी परत यावं तर घरात एक झुरळ नाही, पाल नाही, विंचू नाही. ड्रायव्हरची बायको म्हणते, अशी कामवाली शोधून सापडायची नाही.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी फौज आली. ड्रायव्हरनं ताईला उचलून शेडमध्ये आणलं असतं, पण तो जीप घेऊन डिझेल आणायला गेला होता. मी तिच्या काखेत हात घातले. अंगावर मांस नव्हतं, तरी ती मला उचलेना. तेवढ्यात उंबऱ्यावरून काळी रांग आत वळली आणि माझ्या पायांना आग लागली. ताईच्या पलंगाचे पाय पाण्याच्या वाडग्यांत ठेवलेले होते, चारी वाडगी मी सकाळीच भरली होती. ताईनं डाव्या हातानं मला दाराकडे ढकललं. मी गेले. मी फार वेळ झटापट केली नाही, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शेडमध्ये सगळे गप्पा मारत होते. मी पायांना चुना लावत होते आणि कान घराकडे लावून होते. ताईची शीळ ऐकू आली: एक लांब वर चढणारी, मग तीन तुटक, मग खाली घसरत गेलेली. पाठोपाठ तशीच दुसरी, घरातूनच. मग दोन्ही थांबल्या.

परत गेले तेव्हा फरशी आरशासारखी लख्ख होती. वाडग्यांत बुडालेल्या मुंग्यांचा थर होता. ताई जागी होती आणि तिच्या अंगावर एकसुद्धा चावा नव्हता. हनुवटीला मात्र नाकतोड्याचा मागचा पाय चिकटला होता, करवतीसारखा दातेरी. पळता पळता उडी मारली असेल बिचाऱ्यानं, असं म्हणून मी तो पुसून टाकला. संध्याकाळी भात मऊ करून आणला. ताईनं ओठ मिटले.

पुढच्या शनिवारी काटा अडतीस किलो नऊशेवर गेला.

नर्सबाई म्हणाल्या, "ड्रायव्हर, मध्ये काही खाल्लंत का?"

"तुमच्या डोळ्यांदेखत चढलो-उतरलो बाई. आता काय हवा खाणार?"

पुन्हा वजन केलं. तेवढंच. नर्सबाईंनी माझा हात दाबला. "तुमच्या हाताला गुण आहे हो. काय देताय?"

मी म्हटलं, "मऊ भात." आठवडाभरात तिच्या पोटात एक घास गेला नव्हता.

फौज गेलीच नव्हती. आमच्या मागच्या भिंतीपासून दहा पावलांवर एक पोकळ ओंडका पडलेला आहे, त्यात ती मुक्कामाला बसली होती. मी ऑफिसात जुन्या फाइली काढल्या. माझंच टायपिंग, ताईचं निरीक्षण. 'फौज एका जागी बसली की सुमारे तीन आठवडे हलत नाही. रोज थोडी बाहेर पडते, अंधारायच्या आत परतते. पाठराखा रोज संध्याकाळी मुक्कामापाशी येऊन बघून जातो, म्हणजे उद्या खाणं कुठे असेल ते त्याला कळतं.' मागची झाडी ताईनं कधी तोडू दिली नव्हती. सहा क्वार्टरपैकी फक्त आमच्याच खिडकीपर्यंत जंगलाची सावली अखंड पोचते.

ताईचे गाल भरू लागले. उशीवर मला रोज काहीबाही सापडू लागलं: पारदर्शक पंखाचा तुकडा, कोळ्याचा पाय, झुरळाची टरफलं. मी ती ओंजळीत घेऊन कचऱ्यात टाकायची आणि स्वतःला सांगायची की खिडकी उघडी असली की असं येणारच. मन कशावरही विश्वास ठेवतं, फक्त वजन वाढत असलं पाहिजे. तिसऱ्या शनिवारी एकोणचाळीस किलो सहाशे भरलं. ड्रायव्हर म्हणाला, "आता मला कुणी दोष देऊ नका."

त्यानंतरच्या बुधवारी डोकं दुखतंय म्हणून सांगून मी अकरा वाजताच ऑफिसातून निघाले. डोकं दुखत नव्हतं. चपला बाहेर काढून स्वयंपाकघरातून आत आले आणि ताईच्या खोलीच्या दाराआड उभी राहिले.

ताई शीळ घालत होती. लांब, तीन तुटक, मग घसरती. खिडकीत तो आला. तिथून मच्छरदाणीच्या उशाकडच्या उभ्या दांडीवर आला आणि आडवा चिकटला, जसं मी इतक्यांदा टाइप केलं होतं. डोळ्याभोवती उघड्या कातडीचं निळं वर्तुळ होतं. तेवढं सोडलं तर तो नुसता सावलीचा तुकडा वाटला असता. चोचीत नाकतोडा होता, अजून जिवंत. त्यानं तो दांडीवर आपटला. एकदा, दोनदा. मागचे पाय तोडले, ते उशीवर पडले. पंख तोडले, ते तरंगत खाली गेले. मग तो दांडीवरून सरकत सरकत ताईच्या चेहऱ्याजवळ आला.

ताईनं डोकं मागे टाकलं आणि तोंड उघडलं. महिनाभर मी ज्या तोंडासमोर हात जोडले होते, ते तोंड. तिचा डावा हात चादरीवर जलद थरथरत होता. पक्ष्यानं चोच आत घातली. तिचा गळा वरखाली झाला. तिनं गिळलं.

त्याचीसुद्धा नोंद मी टाइप केली होती: 'नर मादीला भरवतो. आधी मागचे पाय, मग पंख काढतो. मऊ भाग पुढे करतो. मादी डोकं मागे टाकते, तोंड उघडते, पंख थरथरवते.' खाली ताईची तारीख आणि सही होती.

मला किळस आली असं सांगितलं तर ते अर्धंच खरं होईल. उरलेला अर्धा मत्सर होता. पन्नास वर्षं मी हिच्या पाठीला पाठ लावून राहिले, हिचे कपडे धुतले, हिचं कुत्र्याच्या पायासारखं अक्षर लावलं, आणि ही तोंड उघडते कुणासमोर? मी टाळी वाजवली. पक्षी गेला. खिडकी लावली आणि वरची खिट्टीसुद्धा घातली.

ताईनं माझ्याकडे बघितलं. फौज आली त्या दिवशी तिनं मला दाराकडे ढकललं होतं, तेव्हाही असं बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, "माझ्या हातचं खा. हवं तर पुन्हा खिडकी उघडीन."

बुधवार, गुरुवार, शुक्रवार ती शीळ घालत राहिली. काचेपलीकडून उत्तर यायचं. संध्याकाळी तो खिडकीच्या कठड्यावर यायचा, मान वाकडी करून आत बघायचा आणि निघून जायचा. माझा भात ती गालात धरायची आणि मी वळले की उशीवर सोडायची. शनिवारी अडतीस किलो तीनशे. नर्सबाईंनी आकडा लिहून वही मिटली. ड्रायव्हरनं नेहमीचा विनोद केला नाही, तेव्हा मी घाबरले.

घरी येऊन आधी खिडकी उघडली. ओंडक्यापाशी गेले. आत फक्त ओलसर पोकळी होती आणि पांढरी टरफलं. तीन आठवडे भरले होते, फौज उठून गेली होती. तिच्या मागे तोही गेला होता.

मी अद्दल घडवायला गेले आणि ती मलाच घडली. आता पुढचा शनिवार. ताई सोमवारी शीळ घालत होती, मंगळवारी घालत होती, बुधवारी तिला मधले तुटक सूर जमेनात, नुसती हवा यायची. झाडीतून उत्तर नव्हतं. मी पलंगाशी बसून रडले आणि म्हटलं, "ताई, चुकलं गं माझं. काय करू ते सांग." तिनं डोळे मिटून घेतले.

गुरुवारी मी ऑफिसच्या रेकॉर्डरूममध्ये दार लावून उभी राहिले. शिळेच्या खुणा मला पाठ होत्या. ताई त्या कागदावर काढायची, मी त्या टाइप करायची: वर जाणारी रेघ, तीन ठिपके, खाली उतरणारी रेघ. बोटांना ठाऊक होतं ते तोंडाला शिकवायचं होतं. पहिले दोन तास थुंकीच उडाली. बाहेर साहेबांनी कुणाला तरी विचारलं, आत प्रेशर कुकर लावलाय का. दुपारनंतर रेघ वर चढली.

शुक्रवारी सकाळी मी ताईच्या उशाशी, मच्छरदाणीच्या दांडीपाशी उभी राहिले. खिडकीकडे पाठ केली, म्हणजे माझा चेहरा अंधारात राहील. आणि शीळ घातली.

ताईचे डोळे मिटलेलेच होते. तिचं डोकं मागे गेलं आणि तोंड उघडलं. डावा हात थरथरू लागला.

मी घाईनं चमचाभर भात तिच्या जिभेवर ठेवला. तिनं तो लगेच थुंकला, ओठ मिटले, आणि एक डोळा उघडून माझ्याकडे असं बघितलं की आजारपणाआधीची ताई मला समोर दिसली. बारके, तुला एवढंही कळत नाही?

मला कळलं. पण घरात काय मिळणार? फौजेनं तीन आठवड्यांत घर धुऊन काढलं होतं. मी पदराला हात पुसले आणि ऑफिसात गेले. रेकॉर्डरूममध्ये फौज कधी जात नाही, तिथे डांबराच्या गोळ्यांचा वास असतो. खालच्या खणातली सर्वात जुनी फाइल मी झटकन उचलली. दोन झुरळं पळाली. तिसऱ्यावर माझा हात पडला. तळहाताखाली ते वळवळत होतं आणि माझ्या तोंडातून, मी ठरवलेलं नसताना, बारीक शीळ आली.

घरी येऊन दांडीपाशी उभी राहिले. आधी मागचे पाय, मग पंख. तोडलेलं सगळं उशीवर पडलं. मऊ भाग पुढे केला. ताईनं तो घेतला, गळा हलला, आणि तिनं पुन्हा तोंड उघडलं. त्या दिवशी मी सात फेऱ्या केल्या.

शनिवारी काटा अडतीस किलो शंभरावर थांबला. ड्रायव्हर दोनदा चढला-उतरला. "काठावर पास," तो म्हणाला.

नर्सबाईंनी सुस्कारा सोडला. "आज नाही न्यायचं. पण काल तर गेल्यातच जमा होत्या या. काय दिलंत?"

"ऑफिसातून आणलं थोडं," मी म्हटलं.

त्याला आता दोन महिने झाले. ताई बेचाळीस किलोची झालीय. नर्सबाई सगळ्यांना माझं उदाहरण देतात. रेकॉर्डरूममध्ये आता काही उरलेलं नाही, म्हणून मी मागच्या झाडीत जाते. दुपारीसुद्धा तिथे अंधारून असतं, डोळ्यांना बरं वाटतं. ऑफिसला जाताना मी रस्ता ओलांडत नाही, शेडच्या सावलीसावलीनं वळसा घालते. उन्हात पाय टाकायला जीव धजत नाही. ड्रायव्हर विचारतो, बाई, वाट विसरलात का. रोज संध्याकाळी फौजेचा मुक्काम शोधून बघून येते, म्हणजे उद्याची काळजी राहत नाही. पाठराखा तिथे काठीला चिकटून असतो. तो मला बघून सरकतो आणि जागा देतो.

कधीकधी मी स्वयंपाकघरात माझा भात वाढून घेतलेला असतो आणि तो तसाच राहतो. आतून ताई शीळ घालते. लांब, तीन तुटक, मग घसरती. आता ती माझ्यासाठीच असते, खिडकीकडे ती बघतसुद्धा नाही. जन्मात पहिल्यांदा मला ताई हाक मारते. मी ताट सारते आणि जाते.